टेपचं दुसरं टोक

१

गाडीत आवाज तिघांचे होऊ शकले असते, पण बोलत होती फक्त फोनमधली नकाशेवाली बाई. "पुढे डावीकडे वळा," असं ती गोड सांगायची आणि मोजणीदार मुकाट डावीकडे वळायचा. हेच बायकोनं सांगितलं असतं तर गडी हटकून सरळ गेला असता आणि पुढच्या गावावरून गाडी वळवून आणताना रस्त्यालाच शिव्या घालत बसला असता.

बायको शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. कामाच्या ठिकाणी तिला कानवाल्या बाई म्हणत, कारण दिवसभर ती लोकांचे कान तपासायची. माणसाला एका छोट्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबा म्हणून सांगायचं. नवरा जमिनी मोजायचा. आठवडाभर लोकांच्या हद्दींची भांडणं निस्तरायची आणि सुट्टी मिळाली की गुहा मोजायच्या, हा त्याचा छंद. लग्नानंतर तो तिचाही झाला. बाकीची जोडपी समुद्रावर जाऊन फोटो काढतात, ही दोघं कुठल्यातरी जंगलात चिखलात लोळून बिळांची लांबी काढायची. सुरुवातीची काही वर्षं तिला याचं भारी हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर मजाही यायची.

गुहा मोजायला दोघं लागतात. एकानं टेपचं टोक धरून पुढे जायचं, दुसऱ्यानं रीळ धरून मागे थांबायचं. पुढच्यानं टेप एकदा ओढली की मागच्यानं आकडा वाचायचा. दोनदा ओढली की पुढे यायचं. तीनदा ओढली तर पुढचा अडकलाय, मदत हवी. आणि काही झालं तरी मागच्यानं टेप हातातून सोडायची नाही. गुहेत बोलायचं नाही हाही नियम होता. आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत, असं मोजणीदाराचं म्हणणं. आधी हा नियम दोघं सारखा मोडायची. अलीकडे मात्र तो फार काटेकोर पाळला जात होता, कारण घरात तरी कोण कुणाशी बोलत होतं.

त्याला कारण होतं. मागच्या वेळी दोघं अशीच एका गुहेत असताना मोजणीदार बॅटरी आणायला बाहेर आला होता. तेवढ्यात फोन वाजला. तिची मोठी बहीण होती. वडिलांचं काही खरं नाही, असाल तसे निघा, म्हणाली. मोजणीदारानं "निघतो" म्हणून सांगितलं, फोन खिशात टाकला, आणि आत येऊन राहिलेला फाटा मोजायला घेतला. सगळं उरकून, हातपाय धुऊन, गाडीत बसल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. ती पोचली तेव्हा उशीर झाला होता.

वडिलांना ऐकू कमी यायचं. त्यांच्या कानातलं मशीन तिनंच बसवलेलं, त्याची नस तिलाच माहीत. शेवटच्या दिवशी नर्सनं अंघोळीनंतर ते उलटसुलट बसवलं आणि म्हातारा दिवसभर सगळ्यांकडे बघत "छोटी काय म्हणते, छोटी काय म्हणते," असं विचारत राहिला. कुणी काय सांगितलं ते त्याला ऐकूच गेलं नाही. हे ताईनं नंतर सांगितलं. नुसतं मशीन नीट बसवायला मिळालं असतं तरी तिला चाललं असतं.

मोजणीदार यावर एकदाही "चुकलं माझं" म्हणाला नव्हता. तिला दुसरं काही नको होतं. रडून नको, पाया पडून नको, दोन शब्द पुरे. "तू ये माझ्याकडे राहायला," ताई म्हणाली होती, "खोली रिकामीच आहे." तिनं ताईला सांगितलं होतं, एवढी एक ट्रिप होऊ दे. परत येईपर्यंत म्हणाला तर ठीक, नाहीतर येतेच. निघताना तिनं बॅग जरा जास्तच भरली होती आणि ते मोजणीदाराच्या लक्षातही आलं नव्हतं.

२

जंगल जुनं होतं. कधी कुणी कुऱ्हाड लावली नसावी अशी झाडं, खोडांना चौघांनी मिळून वेढा घालावा लागेल एवढी. पडलेल्या खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, आणि त्यातूनच पुन्हा नवी झाडं उगवलेली. खाली ऊन पोचतच नव्हतं. लॉज जंगलाच्या कडेला होतं, आणि लॉजवाली एक गप्पिष्ट बाई होती जिला नवराबायको एकमेकांशी बोलत नाहीत हे पहिल्या चहालाच कळलं.

"साहेब कमी बोलतात वाटतं," ती म्हणाली.

"फार बोलतात. फक्त आकड्यांत," कानवाली म्हणाली. लॉजवाली हसली. मोजणीदारानं चहा संपवला आणि बॅग उचलली.

गुहेचं तोंड एका उन्मळलेल्या झाडाच्या मुळांमागे होतं. आत शिरल्यावर वाकून थोडं चाललं की एक चांगलं ऐसपैस दालन लागायचं, उभं राहता येईल असं. दालनाच्या टोकाला, जमिनीलगत, पुढे जायची वाट होती. वाट कसली, बीळच. पोटावर सरपटत जायचं. मोजणीदारानं हेडलॅम्प नीट केला, टेपच्या कडीत बोट अडकवलं आणि आत घुसला. त्याचे बूट दिसेनासे झाले. रिळावरून टेप सुटायला लागली.

ती दगडावर बसली, दिवा बंद केला. थांबायचं असेल तेव्हा दिवा बंद, बॅटरी वाचवायची, ही दोघांची जुनी सवय. पाणी कुठेतरी ठिबकत होतं. तिच्या कामाच्या खोलीत बसलेली माणसं नेहमी म्हणायची की एवढ्या शांततेत स्वतःचंच रक्त वाहताना ऐकू येतं. तिला त्याची सवय होती.

टेप ओढली गेली. दोनदा.

आता मोजणीदाराचं टेप ओढणं म्हणजे झटका असायचा. गेल्या काही वर्षांत तर असा हिसका द्यायचा की तिच्या बोटांना रीळ कचकन लागायचं, आणि तो ते मुद्दाम करतो असं तिचं मत होतं. हे ओढणं तसं नव्हतं. हळू होतं. कुणीतरी झोपलेल्याला उठवताना चादरीचं टोक धरून ओढावं तसं. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी तो असाच ओढायचा.

ओली टेप आहे, कुठेतरी कडेला घासली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. आणि दिवा लावून, आकडा वाचून बिळात शिरली.

३

बीळ सरळ गेलं आणि एका ठिकाणी वळलं. वळणावर एका बाजूला भेग होती आणि त्या भेगेतून हिरवट उजेड येत होता, म्हणजे जंगल तिथून जवळच होतं. टेप मात्र भेगेकडे वळली नव्हती. ती वळण घेऊन पुढे, आणखी आत गेली होती. ताणलेली होती. ती टेपच्या मागून सरकत राहिली. छाती दगडाला घासत होती. पुढे काही दिसत नव्हतं, नुसती पांढरी पट्टी आणि तिच्यावरचे काळे आकडे.

मग टेप सैल पडली.

ती एका पोकळीत आली. बसता येईल एवढीच जागा. जमिनीवर बारीक कोरडी माती होती आणि मातीवर टेपचं टोक ठेवलेलं होतं. पडलेलं नव्हतं, ठेवलेलं होतं. कडी सरळ उभी, चमकत होती. मोजणीदार नव्हता. पुढे वाटही नव्हती. तिन्ही बाजूंना भिंत होती.

 त्यानं आपली थट्टा केली असेल हा विचार तिच्या मनात आला आणि तिनंच तो झटकला. त्याला थट्टा करता आली असती तर दिवस असे आलेच नसते.

"अगं, कुठे उलथलीस?"

आवाज मागून आला, दालनातून. ती उलटी सरपटत बाहेर निघाली तेव्हा मोजणीदार दालनात उभा होता, हेडलॅम्पमध्ये नवी बॅटरी घालत. दिवा मंद व्हायला लागला म्हणून तो वळणावरच थांबला होता म्हणे. टेपची कडी तिथल्या दगडाला अडकवली, भेगेतून जंगलात निघाला, आणि वळसा घालून पुन्हा तोंडातून आत आला.

"एकदाच ओढली होती मी," तो म्हणाला. "थांब म्हणून. आकडा वाच म्हणून. तू आत कशाला गेलीस?"

"दोनदा ओढलीस."

"एकदा."

खरं तर तिनं तेव्हाच सांगायला हवं होतं की टोक वळणावर नव्हतं, ते आत होतं, आणि नीट ठेवलेलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे बोलायला सुरुवात करायची. सुरुवात कुणी करायची यावरच तर त्यांचं गाडं अडलं होतं. दुसऱ्या कुठल्याही जोडप्यानं त्या क्षणी एकमेकांना धरून बाहेर धूम ठोकली असती. ही दोघं टेप गुंडाळत बसली.

४

संध्याकाळी लॉजच्या खोलीत मोजणीदार टेबलावर कागद पसरून नकाशा काढत बसला. दोन पलंग, मध्ये टेबल, टेबलावर पिवळा दिवा. ती पलंगावर पाय पसरून बसली होती आणि मनातल्या मनात स्वतःची तपासणी घेत होती.

बंद खोलीत बसवलेल्या माणसांचं तिला माहीत होतं. शिट्टी वाजवलेलीच नसताना बटण दाबणारे रोज भेटायचे. ती खोटारडी माणसं नसत. त्यांना ऐकू यावं असं फार वाटत असे, आणि ज्याला फार वाटतं त्याला ऐकू येतं. आपल्याला नवऱ्यानं हळुवार टेप ओढावी असं वाटत होतं का? हो, वाटत होतं. मग झालं तर. पण ठेवलेली कडी? ती कशी वाटण्यातून येणार? त्याच्या पायानं ओढली गेली असेल. माती ओली असेल, घसरली असेल. माती कोरडी होती. असू दे.

"हे जुळत नाहीये," मोजणीदार म्हणाला. गुहेतून बाहेर पडल्यापासूनचं त्याचं हे पहिलं धड वाक्य. "कडी मी वळणापाशी अडकवली होती. तुझा आकडा त्याच्या दुप्पट आहे. चुकीचं वाचलंस."

"बरोबर वाचलंय. टोक तिथंच होतं, आत."

"मी आत गेलोच नाही."

"मग कोण गेलं?"

तो चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता वैताग होता. "तुझं चुकलं म्हण ना. एवढं काय त्यात?"

यावर ती हसली. ते हसू तिला स्वतःलाच कडू लागलं. "चुकलं म्हणायला एवढं काय, असं तू मला विचारतोयस?"

"आता ते काढू नकोस."

"एकदाच काढते. तो फोन आला तेव्हा तू मला का सांगितलं नाहीस?"

"झालं ना ते. किती दिवस उगाळणार आहेस?" त्यानं पेन्सिल ठेवली. तो ओरडला नाही, हेच तिला जास्त लागलं. अगदी समजुतीच्या सुरात, हद्दीवरून भांडणाऱ्या शेजाऱ्यांना समजावावं तसा, तो म्हणाला, "आणि तिथं जाऊन तू काय करणार होतीस?"

 मशीनचं सांगायचं तिच्या जिभेवर आलं होतं, पण आता ते त्याला सांगावंसंही वाटेना. ती कुशीवर वळली आणि ताईच्या रिकाम्या खोलीत पलंग कुठल्या भिंतीला लावायचा याचा विचार करत राहिली.

"उद्या पुन्हा मोजू," मोजणीदार म्हणाला. "टोक मी स्वतः शेवटपर्यंत नेतो."

५

सकाळी जंगलात एक पान हलत नव्हतं. दोघं कालच्यासारखीच गेली, एकामागे एक. दालनात त्यानं कडी बोटात अडकवली, एकदाही मागे न बघता बिळात शिरला. टेप सुटत गेली. ती दगडावर बसली आणि दिवा बंद केला.

काही वेळानं एक झटका आला. रीळ बोटांना कचकन लागलं. त्याचाच. तिनं क्षणभर दिवा लावून आकडा वाचला, वळणाचा होता. पुन्हा अंधार केला. टेप पुन्हा सुटू लागली. सुटत राहिली, मग थांबली.

त्यानंतर बराच वेळ काही नाही. पाण्याचं ठिबकणंही थांबलेलं. तिला वाटलं, आपण कान तपासायच्या खोलीतच बसलोय आणि काचेपलीकडे कुणीतरी आपल्याकडे बघत बटणावर बोट ठेवून थांबलंय.

"चुकलं माझं."

आवाज बिळातून आला. मोजणीदाराचाच. तिनं श्वास धरला. रक्त तेवढं कानात वाजत होतं. तिनं मनाशी म्हटलं, नाही, शिट्टी वाजलेली नाही. बटण दाबू नकोस.

"त्या दिवशी फोन आला होता," आवाज म्हणाला. जवळ आला होता. "तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांचं मशीन नीट बसवलं असतंस तू. शेवटचं काहीतरी ऐकू गेलं असतं त्यांना. चुकलं माझं. फार चुकलं."

मशीनचं तिनं त्याला कधीच सांगितलं नव्हतं. ताईनं सांगितलं असेल. ताई त्याच्याशी बोलतच नव्हती. पण या हिशेबाला आता कोण बसतं? तिच्या घशातून एक विचित्र आवाज आला आणि ती रडायला लागली, इतके दिवस साठलेलं सगळं एकदम. अंधारात कापडाचं घासणं ऐकू आलं, मग तो तिच्या शेजारी दगडावर येऊन बसला. त्यानं तिचा हात हातात घेतला. हात ओला आणि थंड होता, पण गुहेत सगळ्यांचेच असतात.

"रड," तो म्हणाला. "रडून घे."

तिनं दिवा लावला. त्याचा चेहरा होता. चिखलानं माखलेला, डोळे भरून आलेले. त्यानं प्रकाशासमोर डोळे मिटले नाहीत. त्याचा स्वतःचा हेडलॅम्प कपाळावर नव्हता. तो तिच्याकडे असा बघत होता जसं इतक्या वर्षांत कुणी तिच्याकडे बघितलं नव्हतं, आणि बघायला हवं होतं.

तिच्या दुसऱ्या हातात रीळ होतं. टेप अजून बिळात गेलेली होती. आणि ती ओढली गेली.

झटका. झटका. झटका.

बोटांना रीळ असं लागलं की कातडी सोलली. तीन. आतून, खूप आतून, दगडांवर आदळत एक आवाज आला, शब्द कळत नव्हता, पण चिडलेला होता, घाबरलेला होता, आणि घाबरलेला असूनही चिडलेलाच होता. जगात एकच माणूस मदत मागतानासुद्धा समोरच्यावर खेकसू शकत होता. तिनं दिवा बिळाकडे वळवला. लांब, वळणाच्या ओल्या भिंतीवर, दुसऱ्या कुठल्यातरी दिव्याचा उजेड हलत होता. वर, खाली, वर. कुणीतरी डोकं सोडवून घ्यायचा प्रयत्न करत असावं तसा.

"दगडात अडकली असेल," शेजारचा प्रेमानं म्हणाला. "सोड ती."

तिला कळलं होतं. ते कळलं नाही असं नंतर तिनं स्वतःला पुष्कळदा सांगितलं, पण कळलं होतं. तिनं फक्त एवढा विचार केला की तिनं हात दिला, ओढून काढलं, तर बाहेर येईल तो पहिल्यांदा काय म्हणेल. कुठे उलथली होतीस, म्हणेल. चुकलं माझं, असं मरेपर्यंत म्हणणार नाही. शेजारी बसलेल्यानं ते आधीच म्हटलं होतं.

पुन्हा तीन झटके आले. तिनं बोटं उघडली. रीळ घरंगळत, खडखडत बिळात गेलं, आणि ते जाताना जो आवाज झाला तो ऐकून आतला आवाज एकदम थांबला. रीळ सुटलं म्हणजे काय झालं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार. पुढे काही ऐकू आलं नाही. तिनं ऐकलंही नाही. दोघं हात धरून बाहेर निघाली.

६

"साहेबांचा मूड आज अगदी बदललाय," लॉजवाली म्हणाली. साहेबांनी तिच्या चहाची तारीफ केली होती आणि बॅगा स्वतः गाडीत ठेवल्या होत्या. परतीच्या रस्त्यावर तिनं गाडी चालवली, कारण त्याला चालवायची इच्छा दिसली नाही. तिनं मधेच एकदा रस्ता चुकवला तरी तो काही बोलला नाही. नकाशेवाली बाई तिनं बंद करून टाकली.

घरी सगळं सुरळीत सुरू झालं. तो कामावर जायचा बंद झाला, पण त्याबद्दल कुणी फार विचारलं नाही, छंदापायी त्याचं कामात लक्ष नाही असं लोकांना आधीपासून वाटायचंच. तो घरात असायचा. ती आली की दार उघडायचा. चहा गार असला तर "चुकलं माझं," म्हणायचा. बाहेर ऊन जास्त असलं तरी म्हणायचा. सुरुवातीला तिला ते ऐकून दर वेळी आत कुठेतरी मोकळं वाटायचं. मग नुसतं बरं वाटायला लागलं. मग तिनं मोजायचं सोडलं.

ताई राहायला आली आणि दोन दिवसांत त्याच्यावर खूश झाली. "माणूस सुधारला गं," ती म्हणाली. "मी तर तुझी खोली झाडून ठेवली होती. काय केलंस याला?"

"काही नाही," ती म्हणाली.

त्या दुपारी ताई स्वयंपाकघरात चहा टाकत होती. तो बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसला होता, हात मांडीवर ठेवून, रिकामा. कानवाली त्याच्यासमोर जाऊन बसली.  मग शांतपणे, दुसऱ्या खोलीत ऐकू जाणार नाही अशा आवाजात, म्हणाली:

"माझ्या ताईला तू मारलंस. जिन्यावरून ढकललंस तिला. आठवतंय?"

त्यानं मान वर केली. विचार करायला त्याला एक क्षणही लागला नाही. डोळे तसेच भरून आले, त्या दिवशी दालनात आले होते तसेच, तितकेच.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "फार चुकलं. तुझी माफी मागायला तोंड नाही मला."

त्यानं तिचा हात हातात घेतला. तिला तो काढून घ्यावासा वाटला, पण काढून कुणाच्या हातात द्यायचा? त्या फोनचं ज्याचं चुकलं होतं तो एकच होता, बिळात राहिलेला. म्हणायचं तर त्यानंच म्हणायला हवं होतं, आणि न म्हणता का होईना, चूक त्याचीच होती. आता तर तिचंही चुकलं होतं, त्याच्याहून मोठं, आणि ते ज्याला सांगायचं तोही तोच. समोरच्याला सांगितलं असतं तर त्यानं लगेच माफ केलं असतं. काय माफ केलं हेही विचारलं नसतं.

"छोटे," ताईनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "साखर कुठे ठेवतेस गं तू?"

"वरच्या फळीवर," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला. हात अजून त्याच्या हातात होता आणि तो अजून रडत होता, ताईसाठी.